खाली नाव कुणाचे?

दिवाळी अंक हाती आला की आपण प्रथम काय पाहतो? आधी मुखपृष्ठ, मग अनुक्रमणिका, मग व्यंगचित्रे. आणि घरात कुणाचे लग्न किंवा नोकरी अडली असेल, तर सगळे सोडून वार्षिक राशिभविष्य. कथा, कविता, परिसंवाद यांचा क्रम त्यानंतरचा. फराळाच्या ताटात जसा ज्याचा त्याचा पहिला मान ठरलेला असतो, कुणाचा चकलीला तर कुणाचा अनारशाला, तसेच हे आहे. पण अनुक्रमणिकेच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या टाइपात छापलेल्या चार ओळी मात्र कुणीच वाचत नाही. संपादक अमुक, मुद्रक तमुक, प्रकाशक फलाणे. छापण्याचे ठिकाण, प्रसिद्धीचे ठिकाण. आणि शेवटी ते ठरलेले वाक्य, की अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.

आज मी वाचकांचे बोट धरून नेमका त्याच ओळींपाशी नेणार आहे. कारण हल्ली आपण सकाळच्या चहापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत जे वाचतो, त्यातले बरेचसे या ओळींवाचूनच आपल्या हाती येते. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांवरचा मजकूर कुणी लिहिला, कुणी पैसे मोजून लिहवून घेतला आणि उद्या तो खोटा ठरला तर जाब कुणाला विचारायचा, हे त्याच्या तळाशी छापलेले नसते. जाहिरात, प्रकाशन आणि कायदा ही वरवर पाहता तीन निराळी क्षेत्रे. पण या समाजमाध्यमांनी तिन्हींत जी उलथापालथ केली आहे, तिच्या मुळाशी एकच साधा प्रश्न आहे: खाली नाव कुणाचे?

चार ओळींची पूर्वपीठिका

या चार ओळी छापखानेवाल्यांनी हौसेने घातलेल्या नाहीत. १८६७ साली इंग्रज सरकारने मुद्रणालये व पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि पत्रावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण, आणि ते प्रसिद्ध झाले असेल तर प्रकाशकाचेही नाव व ठिकाण, स्पष्ट छापलेच पाहिजे, असा त्यातला दंडक होता. सरकारचा हेतू काही वाङ्मयाची सेवा करण्याचा नव्हता. बंडाळीचा मजकूर छापणारा हाती सापडावा, हाच होता. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला आणि १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नियतकालिकांचा नवा कायदा आला. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे आपल्याकडे छापील शब्द बेवारशी असणे हा गुन्हा होता.

या नावांची किंमत मराठी पत्रकारितेने रोख मोजली आहे. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन वर्षही झाले नव्हते, तोच कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल काही पत्रे संपादकांच्या हाती आली. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर त्यांत भयंकर आरोप होते. पत्रांवर विश्वास ठेवून टीका छापली गेली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी दाखवली, तरी १८८२च्या जुलैमध्ये टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात ते १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांचे त्या दिवसांवरचे पुस्तक मराठी वाचकाला ठाऊक आहेच.

आजच्या भाषेत सांगायचे, तर दोन तरुण संपादकांकडे एक 'फॉरवर्ड' आला, तो त्यांनी खरा मानला आणि पुढे पाठवला. फरक एवढाच की त्यांच्या पत्राच्या तळाशी त्यांची नावे होती. 'आम्हांला आले तसे पुढे पाठवले' असे म्हणून हात झटकण्याची सोय त्यांना नव्हती.

पुढे १८९७ साली राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा टिळकांच्या शेजारी आरोपी म्हणून मुद्रणालयाची व्यवस्था पाहणारे केशव महादेव बाळ यांनाही उभे राहावे लागले. बाळ निर्दोष सुटले. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. ज्या मजकुरावर खटला झाला, त्यात एक कविता होती आणि तिच्याखाली कवीचे खरे नावही नव्हते. पण पत्राखाली संपादकाचे होते, आणि ते पुरेसे ठरले.

आपुलकीची किंमत

आता जाहिरातीकडे वळू. जुने दिवाळी अंक चाळताना मला जाहिराती वाचण्याचा फार नाद आहे. केशवर्धक तेले, दंतमंजने, शक्तिवर्धक आसवे आणि अमक्या पेढीचे अस्सल दागिने! त्यांत अतिशयोक्ती भरपूर असे. पण एक प्रामाणिकपणाही असे. ती चौकटीत असे. चौकट दिसली की वाचकाला कळे, की आता आपल्या खिशाशी बोलणे चालले आहे.

समाजमाध्यमांनी नेमकी ती चौकट पुसली. एखादी हसतमुख तरुणी आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून भाजणीच्या थालीपिठाची कृती सांगते. बोलता बोलता अमक्या कंपनीचे पीठ ओतते आणि "आमच्याकडे तर दुसरे चालतच नाही" असे म्हणते. ऐकणाऱ्या गृहिणीला ही शेजारीण वाटते. शेजारणीचा सल्ला आणि विक्रेत्याचे बोलणे यांत आपण पूर्वापार फरक करत आलो आहोत. पहिल्याला आपण मान देतो, दुसऱ्याशी घासाघीस करतो. इथे विक्रेताच शेजारणीचे लुगडे नेसून आला, तर घासाघीस कुणाशी करायची?

हे लक्षात आल्यावर नियम झाले. जाहिरातदारांचीच संस्था असलेल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ साली अशा 'इन्फ्लुएन्सर' मंडळींसाठी मार्गदर्शक तत्त्वे घातली. मोबदला घेतला असेल, मग तो पैशांत असो, फुकटच्या वस्तूंत असो की सहलीत, तर ती जाहिरात आहे असे ठळक लिहिले पाहिजे. चित्रफीत पंधरा सेकंदांपर्यंतची असेल, तर ती सूचना निदान तीन सेकंद दिसली पाहिजे, इतका बारीक हिशेब त्यांत आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही अशाच सूचना प्रसिद्ध केल्या. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा दात तर याहून तीक्ष्ण आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केवळ उत्पादकालाच नव्हे, तर शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तेच केले तर ५० लाखांपर्यंत. शिवाय त्या व्यक्तीला एक वर्ष, आणि दुसऱ्या खेपेला तीन वर्षेपर्यंत, कोणत्याही मालाची शिफारस करण्यास बंदी होऊ शकते. शिफारशीपूर्वी आपण वाजवी चौकशी केली होती असे दाखवता आले, तरच सुटका.

मधुमेह मुळापासून बरा करणारी मुळी दाखवणारे व्हिडिओ ज्येष्ठ मंडळींच्या फोनवर रोज येतात. अशा जाहिरातींना मनाई करणारा औषधे व चमत्कारी उपचारांविषयीचा कायदा १९५४ सालचा आहे, आणि मधुमेह त्या कायद्याच्या यादीत आहे. म्हणजे कायदा म्हातारा झाला, पण मुळी विकणारा अजून तरुण आहे.

याच माध्यमाची उजळ बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आपल्याच सोसायटीतल्या एखाद्या वहिनी "चकली, कडबोळी, चिरोटे, मागणी आजच नोंदवा" असा निरोप टाकतात आणि घरबसल्या चार पैसे मिळवतात. पूर्वी अशा हाताला वाण्याच्या दुकानाच्या फळीपर्यंत पोचण्याची ऐपत नसे. त्यांच्या फराळाची जाहिरात एजन्सी म्हणजे गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकाची जीभ! मात्र घरगुती असला तरी हाही अन्नव्यवसायच. अन्नसुरक्षा कायद्याखाली त्याची नोंदणी करावी लागते. पुडक्यावर आपले नाव आणि नोंदणीचा क्रमांक घालणाऱ्या वहिनींनी आपल्या चकलीची जबाबदारी घेतलेली असते. पुष्कळ मोठ्या मंडळींना जे साधत नाही, ते त्यांना साधलेले असते.

पु. लं.नी न लिहिलेले पु. ल.

आता माझ्या धंद्याचे दुखणे. मराठीच्या प्राध्यापकाला हल्ली दर महिन्याला पु. ल. देशपांडे यांचा एक तरी नवा लेख वाचायला मिळतो. पु. ल. २००० साली गेले. तरीही त्यांच्या नावाने मोबाईल, मॉल आणि मधुमेह यांवरचे विनोद फिरतच असतात. व. पु. काळे यांच्या नावावर सुविचारांचा रतीब चालू आहे. कुसुमाग्रजांच्या नावावर तर अशा कविता फिरतात, की शब्द कसा तोलावा हे ज्या कवीकडून शिकावे, त्याला त्या वाचून अंगावर काटा यावा.

एकदा एका विद्यार्थिनीने आपल्या निबंधात अशीच एक कविता कुसुमाग्रजांची म्हणून उतरवली. मी विचारले, "कोणत्या संग्रहातली?" ती निरागसपणे म्हणाली, "सर, आजोबांच्या ग्रुपवरची." वर्ग हसला. मलाही हसू आले; पण त्या कवितेचा खरा कवी कुठे असेल, या विचाराने ते फार टिकले नाही. कविता तशी अगदीच टाकाऊ नव्हती. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुणी शिक्षकाने किंवा बँकेतल्या कारकुनाने ती लिहिली असेल. चारचौघांना आवडावी म्हणून फोनवर टाकली असेल. वाटेत कुणीतरी त्याचे नाव गाळले आणि पुढच्याने वजन यावे म्हणून मोठे नाव चिकटवले. एका हिसक्यात दोन लेखक लुटले गेले: एकाचे अपत्य गेले, आणि दुसऱ्याच्या माथी नको ते पोर आले.

हे अगदी नवे आहे असेही नाही. संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा गुंफली, ती ओळख राहावी म्हणूनच. तरीही कुणाकुणाचे अभंग तुकोबांच्या नावे गाथ्यात शिरले, आणि संत नामदेवांच्या आणि नंतरच्या विष्णुदास नामा यांच्या रचना एकमेकींत अशा मिसळल्या, की त्या वेचून काढण्यात संशोधकांच्या पिढ्या खपल्या. पण तिथे मिसळण व्हायला शतके लागली. आता ती दुपारच्या जेवणाआधी होते.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? जात्यावरच्या ओव्यांना कुठे नाव होते? नव्हते, पण ओवी गाणारी बाई ती स्वतःची म्हणून गात असे, मुक्ताबाईची म्हणून खपवीत नसे. आणि टोपणनाव हे खोटे नावही नव्हे. वि. वा. शिरवाडकरांनी कुसुमाग्रज म्हणून लिहिले, राम गणेश गडकऱ्यांनी गोविंदाग्रज म्हणून लिहिले; त्या नावांमागे कोण उभे आहे हे वाचकाला ठाऊक होते, आणि कवींनी त्या नावांचे मोल आयुष्यभर सांभाळले. झाकलेले नाव वेगळे आणि फाडून टाकलेले नाव वेगळे.

कायदा याबाबतीत लेखकाच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखन कागदावर किंवा पडद्यावर उतरले की त्याचा हक्क लेखकाला आपोआप मिळतो. नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे पु. लं.च्या साहित्याचा २०६० अखेरपर्यंत. शिवाय लेखकाने कॉपीराइट विकला तरी 'हे माझे आहे' असे म्हणण्याचा त्याचा विशेष हक्क विकला जात नाही.

परंतु हक्क असणे आणि तो बजावता येणे यांत कोर्टाच्या पायऱ्या असतात. दिवाळी अंक बाजारात येऊन आठवडा होतो न होतो, तोच त्याची पीडीएफ गटागटांतून फिरू लागते, आणि खाली लिहिलेले असते, "वाचनसंस्कृती वाढवा!" या संस्कृतीत लेखकाचे मानधन, चित्रकाराचा मोबदला, मुद्रितशोधकाचे डोळे, कागदाचे बिल आणि नाक्यावरच्या विक्रेत्याचे कमिशन यांना जागा नसते. दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे २०२२ साली असेच एक प्रकरण आले. स्पर्धा परीक्षांसाठी पुस्तके लिहिणाऱ्या एका लेखिकेचे साहित्य टेलिग्रामवर विकले जात होते. ते विकणाऱ्यांची माहिती आम्ही देऊ शकत नाही, असे कंपनीचे म्हणणे पडले. न्यायालयाने ते नाकारून माहिती देण्याचा हुकूम केला. तिथेही प्रश्न तोच: खाली नाव कुणाचे?

आणि तरीही प्रकाशकांना विचाराल, तर ते या माध्यमांना शिव्या देऊन पुन्हा त्यांच्याच दारी जातात. प्रकाशनपूर्व सवलतीची पत्रके पूर्वी पोस्टाने जात. आता एका निरोपावर मागणी गोळा होते आणि किती प्रती छापाव्या याचा अंदाज आधीच येतो. 'साभार परत'च्या चिठ्ठ्या जमवून कंटाळलेला एखादा लेखक फेसबुकवर सदर लिहितो, वाचक मिळवतो आणि मग प्रकाशक आपण होऊन त्याच्याकडे येतो. संपादकाच्या टेबलावरची रद्दीची टोपली त्याला अडवू शकत नाही. मात्र त्या टेबलावर टोपलीशेजारी एक लाल पेन्सिलही असे, हे विसरू नये.

राईनपाडा आणि पालघर

कुठल्या नावाखाली विनोद फिरतो, हा चेष्टेचा विषय होऊ शकतो. पण बेवारशी शब्द माणसे मारतो तेव्हा हसू थिजते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्या निरोपाखाली कुणाचेही नाव नव्हते. ज्यांनी ज्यांनी तो पुढे ढकलला, त्यांतल्या बहुतेकांनी तो आपल्या लेकराबाळांच्या काळजीपोटीच ढकलला असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या निरोपांवर तशी खूण घातली आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल असे बंधन आणले.

मग नाव शोधून काढण्याचा अधिकार सरकारला द्यावा काय? २०२१च्या नियमांनी गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत निरोपाचा पहिला पाठवणारा कोण, हे सांगता आले पाहिजे अशी अट मोठ्या कंपन्यांवर घातली. तसे केल्यास सर्वांचाच खासगीपणा संपेल, असे म्हणत व्हॉट्सअ‍ॅप त्याच वर्षी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. या भीतीला आधार नाही असे महाराष्ट्राने तरी म्हणू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या नुसत्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली! त्यांनी आपली नावे लपवली नव्हती. म्हणूनच त्या चटकन सापडल्या. ज्या कलमाच्या धाकाने हे घडले, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम, कायद्याच्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. 'त्रासदायक' कशाला म्हणायचे याला त्या कलमात धरबंदच नव्हता.

न्यायालये हळूहळू मधली वाट आखत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले, की गटातल्या एखाद्या सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू नसेल तर, गटप्रमुखाला जबाबदार धरता येणार नाही. सोसायटीच्या ग्रुपचे 'अ‍ॅडमिन' असलेल्या असंख्य निवृत्त सद्गृहस्थांना त्या दिवशी शांत झोप लागली असेल. पण पाठवणाऱ्याची मात्र सुटका नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ साली असे मत दिले, की एखादा निरोप पुढे पाठवणे म्हणजे त्यातील मजकूर मान्य करून त्याला दुजोरा देणेच होय. प्रकरण महिला पत्रकारांविषयीच्या एका हीन मजकुराचे होते. तो पाठवणारे गृहस्थ नट आणि माजी आमदार. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डोळ्यांत औषध घातले होते, म्हणून न वाचताच मजकूर पुढे गेला, असा बचाव झाला. २०२३ साली त्या न्यायालयानेही त्यांना दिलासा दिला नाही.

घरच्या घरी संपादक

एवंच काय, तर पूर्वी संपादक, मुद्रक आणि प्रकाशक ही तीन माणसे होती. आज ती तिन्ही एका अंगठ्यात येऊन बसली आहेत. आपल्या घरातले आजोबा, सूनबाई आणि नववीतला नातू हे तिघेही आता प्रकाशक आहेत. फक्त आपण प्रकाशक झालो आहोत, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

ते सांगायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. सगळे घर एकत्र असते, आणि शुभेच्छांबरोबर शंभर निरोप इकडून तिकडे जात असतात. म्हणून घरातल्या घरात तीन साधे नियम करून पाहावेत. कविता किंवा लेख आवडला तर लेखकाच्या नावासकट पाठवावा. नाव ठाऊक नसेल तर 'कवी अज्ञात' असे लिहावे, पण कुसुमाग्रजांना वेठीस धरू नये. कुणी एखाद्या मालाची फार आपुलकीने शिफारस केली, तर त्याला त्यात काय मिळाले एवढे मनाशी विचारावे. आणि भीती किंवा द्वेष पसरवणारा निरोप आला, तर तो पाठवण्यापूर्वी त्याच्या तळाशी मनातल्या मनात आपले पूर्ण नाव आणि घरचा पत्ता लिहून पाहावा. लिहिताना हात अडखळला, तर तो निरोप आपल्यापाशीच थांबू द्यावा.

राहता राहिला हा लेख. तो आवडला तर जरूर चार जणांना वाचायला द्या. शक्य तर अंकच द्या. आणि तो परत मागायला विसरू नका!